पंडिता रमाबाई आणि त्यांचे पवित्र शास्त्र

एप्रिल महिना आला की आपल्या पुष्कळ मंडळ्यांतून पंडिता रमाबाईंची आठवण काढली जाते. त्यांचा जन्मही एप्रिलातला आणि प्रभूने त्यांना आपल्याकडे नेले तेही एप्रिलातच. संडे स्कूलमध्ये मी ही गोष्ट कित्येक वर्षे सांगत आलो आहे आणि खरे सांगायचे तर एकाच साच्यातून सांगत आलो आहे. रानातला जन्म, तीर्थयात्रा, दुष्काळ, विलायतेतील बाप्तिस्मा, शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन, आणि शेवटी शास्त्राचे भाषांतर. मुले ऐकतात, वार्षिक परीक्षेत साली लिहितात आणि विसरतात.

एका वर्षी मात्र वर्गातील एका मुलीने मला अडवले. तिचा प्रश्न असा की बाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला, तर १८९१ साली त्यांना ख्रिस्त सापडला असे तुम्ही कसे सांगता? मधली आठ वर्षे त्या कोण होत्या? ईश्वरविद्येची पदविका भिंतीवर टांगलेली असूनही मला त्या दिवशी धड उत्तर देता आले नाही. घरी येऊन मी रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत लिहिलेली साक्ष पुन्हा काढून वाचली. मग ध्यानात आले की ही गोष्ट सांगताना आपण जी आठ वर्षे घाईने ओलांडतो, तीच आपल्यासारख्या जन्मापासून मंडळीत वाढलेल्यांच्या सर्वांत जवळची आहेत.

रमाबाई २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात जन्मल्या. तो मुलूख तेव्हा म्हैसूर संस्थानात होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. पेशव्यांच्या वाड्यात स्त्रीला संस्कृत शिकवले जाते हे त्यांनी तरुणपणी पाहिले होते. आपल्याही पत्नीला शिकवायचेच असा त्यांनी निश्चय केला आणि त्यापायी लोकांचा रोष पत्करला. रमाबाईंना संस्कृत शिकवले ते त्यांच्या आई लक्ष्मीबाईंनी, पहाटे कामाला लागण्याआधी. अशा रीतीने भागवताचे हजारो श्लोक त्या लेकीच्या तोंडी बसले. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरू लागले. मिळालेले धन देवपूजेत, ब्राह्मणभोजनात आणि दानधर्मात गेले. १८७४ नंतर मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा गाठीला काही उरले नव्हते. रानातील पाने खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. वडील गेले, मागोमाग आई गेली, मग थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास आणि रमा अशी दोघेच राहिली आणि पायी हिंडत हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचली.

कलकत्त्याच्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. याच शहरात तिने ख्रिस्ती लोकांची सभा प्रथम पाहिली. मंडळी प्रार्थनेसाठी गुडघे टेकून बसली, तोंडे आपापल्या खुर्च्यांकडे. बहीणभावांना वाटले, हे लोक खुर्चीची पूजा करतात! आपली उपासना बाहेरून आलेल्या माणसाला कशी दिसत असेल याचा विचार पाळकांनी आणि आपण वडीलजनांनीही मधून मधून करावा. असो. त्या सभेत तिला संस्कृतातील ख्रिस्ती शास्त्र भेट मिळाले. तिने ते उघडले आणि बाजूला ठेवले. ते संस्कृत तिला परिचित असलेल्या ग्रंथांच्या संस्कृतासारखे नव्हते आणि शिकवण काही उमजली नाही. हातात देवाचे वचन आले, भाषाही अवगत, तरी दार उघडले नाही.

ते उघडायला दुसरे ठिकाण आणि दुसरी भाषा लागली. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी जूनमध्ये रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. ते दोघे आसामात सिलचर येथे राहू लागले. तेथे नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली प्रत सापडली. ती कोणी आणली, केव्हा आणली, काही कळले नाही. लूकचे शुभवर्तमान म्हणजे विधवांचे, पापी स्त्रियांचे, हरवलेल्या मुलाचे शुभवर्तमान. रमाबाई ते आवडीने वाचू लागल्या. ॲलन नावाचे बाप्टिस्ट मिशनरी घरी येत, त्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकातील पहिला अध्याय समजावून दिला. रमाबाईंच्या मनात ख्रिस्ती व्हावे असे येऊ लागले. मेधावी मिशन शाळेत शिकलेले असले तरी ही गोष्ट त्यांना मुळीच रुचली नाही. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी मेधावी पटकीने गेले. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर दहा महिन्यांचे मूल.

पुण्याला येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, शिक्षणाविषयीच्या हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. तेथेच मिस हर्फर्ड यांच्याकडे त्या इंग्रजी आणि मराठी नवा करार वाचत. फादर नहेम्या गोरे यांची ओळख झाली. तेही मूळचे नीळकंठशास्त्री, काशीत वाढलेले चित्पावन ब्राह्मण. १८८३ साली रमाबाई वैद्यकी शिकावी या हेतूने इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सिस्टरांच्या आश्रमात उतरल्या. पुढे ऐकू कमी येऊ लागल्याने वैद्यकीचा विचार सोडावा लागला.

त्या सिस्टरांचे लंडनमध्ये फुलहॅम येथे एक घर होते. समाजाने टाकलेल्या, वाट चुकलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय मिळे. रमाबाईंनी ते पाहिले आणि त्या थक्क झाल्या. अशा बाईला जवळ घ्यावे, तिचे घाव बांधावे, हे त्यांनी कोठे पाहिले नव्हते, आपल्या शास्त्रात वाचलेही नव्हते. सिस्टरांना हे सुचते कोठून असे त्यांनी विचारले, तेव्हा शोमरोनी स्त्रीची हकिकत त्यांच्यापुढे आली. योहानाच्या चौथ्या अध्यायातील ती विहीर, ती दुपार, ती पाच नवऱ्यांची बाई. आपल्यापैकी कितीजणांनी तो अध्याय ऐकत असताना घड्याळाकडे पाहिले असेल! रमाबाईंना मात्र तेथे असा तारणारा दिसला, जो स्त्रीला हलकी लेखत नाही. आधी फुलहॅमच्या घरात जे घडताना पाहिले त्याचे मूळ त्यांना शास्त्रात सापडले. गोऱ्यांच्या पत्रांनी बुद्धीच्या शंका बऱ्याच मिटवल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी याच दिवसांत आत्महत्या केली होती, म्हणजे तो काळ किती ताणाचा होता हे समजावे.

आता ती आठ वर्षे. बाप्तिस्म्यानंतर रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकल्या आणि संस्कृत शिकवू लागल्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. या दोघींची पत्रे पुढे छापली गेली आहेत. ती वाचताना पुष्कळ ख्रिस्ती वाचकांना आजही अवघड वाटते, कारण त्यांतील रमाबाई आज्ञाधारक नवख्रिस्ती नाहीत. चर्चचा मतांगिकार मी का मानावा, तो शास्त्रात कोठे आहे? त्रैक्याचे हे स्पष्टीकरण प्रेषितांनी दिले आहे की नंतरच्या सभांनी? लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस गळ्यात घालण्याची गोष्ट निघाली तेव्हा त्यांचा आक्षेप असा की लॅटिन मला येत नाही आणि माझ्या देशातील बहिणींनाही येत नाही, शब्द कोरायचेच तर संस्कृत का नकोत? सिस्टर जेराल्डीन यांना हा अहंकार वाटला. मला वाटते त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, विद्येचा अभिमान रमाबाईंत होता. परंतु दुसरीही गोष्ट त्यात होती. ज्या मुलीने शास्त्र म्हणून सांगितलेले सारे लहानपणी निमूट पाळले आणि त्यापायी आईबाप उपाशी मरताना पाहिले, ती पुन्हा कोणाच्या सांगण्यावरून निमूट मान डोलावणार नव्हती. तिला स्वतः शास्त्र पाहायचे होते. बिरुया गावच्या लोकांची पौल आणि सीला यांच्या शिकवणीबाबत जी वृत्ती होती, तीच ही. प्रेषितांची कृत्ये सतराव्या अध्यायात लूकने तिची वाखाणणी केली आहे.

१८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशी यांच्या डॉक्टरी पदवीच्या समारंभासाठी. पुढील वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजी पुस्तक लिहिले. बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, तिने दहा वर्षे मदतीचे वचन दिले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींतील गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. १८९० च्या अखेरीस सदन पुण्याला आले.

काम वाढत होते, नाव दोन खंडांत झाले होते, वाचन चालू होते, प्रार्थना चालू होती. आणि याच वेळी रमाबाईंना आपल्या आत काहीतरी रिकामे आहे असे जाणवू लागले. विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या हाती आले. हे गृहस्थ दीक्षित पाळक असून स्वतःच दिलेल्या उपदेशात त्यांचा पालट झाला होता. ते वाचून रमाबाई थबकल्या. त्यांनी शास्त्र पुन्हा घेतले, या वेळी वाद जिंकण्यासाठी नव्हे. मग कळले ते असे: आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तो खरा म्हणून स्वीकारला, त्यातील आज्ञा पाळल्या, परंतु त्या धर्माचा जो प्राण, तो ख्रिस्त, त्याच्याजवळ आपण पापी म्हणून कधी गेलोच नाही. एका नियमशास्त्रातून निघून आपण दुसऱ्या नियमशास्त्रात येऊन राहिलो. आपल्या चांगुलपणावर, आपल्या कामावर आपली भिस्त होती. १८९१ साली त्यांनी ती भिस्त टाकली आणि लहान मुलासारखा विश्वास ठेवला.

माझ्या त्या विद्यार्थिनीला मी पुढच्या रविवारी इतकेच सांगितले की त्या आठ वर्षांत बाई ख्रिस्तीच होत्या, शास्त्र वाचणाऱ्या ख्रिस्ती, आणि शास्त्रानेच त्यांना पुढे नेले. बाप्तिस्मा खोटा नव्हता. पण बीज पेरले त्याच दिवशी कणीस हाती येत नाही. तिचे समाधान झाले की नाही कोण जाणे. ती म्हणाली की मग आमचेही तसेच असेल. मी गप्प राहिलो.

याचा पुढे परिणाम दिसला. सदनात कोणावर धर्माची सक्ती नव्हती, असे वचनच होते. पण रमाबाई सकाळी मनोरमेबरोबर प्रार्थना करीत तेव्हा दार बंद करीत नसत आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. १८९३ साली यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पुष्कळ मुलींना पालकांनी नेले. या प्रकरणी रमाबाईंची बाजू घेताना आपण एक ध्यानात ठेवावे. त्या पालकांची भीतीही खरी होती आणि त्या सल्लागारांनी सदनासाठी आधी पुष्कळ झीज सोसली होती. रमाबाईंनी दार मात्र लावले नाही.

१८९६-९७ चा मध्य प्रांतातील दुष्काळ आला तेव्हा त्यांना आपले जुने दिवस आठवले. त्या स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो मुली व विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांना केडगावच्या शेतावर नेण्यात आले. तेथेच मुक्ती उभी राहिली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, माग, तेलाची घाणी, छापखाना, सारे बायकांच्या हाती. १९०५ साली तेथे मोठी जागृती झाली, तिची हकिकत आपल्या लोकांना पाठ आहे, म्हणून मी येथे विस्तार करीत नाही. १९१२ च्या सुमारास गुलबर्गा येथेही शाळा सुरू झाली आणि तिचा भार मनोरमाबाईंनी वाहिला. ते गाव तेव्हा निजामाच्या राज्यात होते.

या हजारो बायकांत बहुतेक खेड्यातील होत्या. त्यांच्या हाती मराठी शास्त्र दिले तेव्हा रमाबाईंना आपलाच कलकत्त्याचा अनुभव दुसऱ्या अंगाने आला असावा. मराठीत शास्त्र नव्हते असे नाही. श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी नागपूरकडील वैजनाथ पंडितांच्या मदतीने मोडी लिपीत नवा करार १८११ साली छापला होता, मुंबईच्या अमेरिकन मिशनरींनी पुढचे काम केले होते, सुधारणाही होत होत्या. पण त्यातील भाषा शिकलेल्यांची, संस्कृत शब्दांनी जड. शिवाय काही शब्दांना हिंदू धर्मग्रंथांतील अर्थ चिकटलेले आहेत आणि त्यामुळे वाचणारीची समजूत भलतीकडे जाते, असे रमाबाईंना वाटे. पुराणे मुखोद्गत असलेल्या बाईला हे जितके जाणवले तितके मिशनरी पंडितांना जाणवणे कठीणच. वाँटेजला लॅटिनऐवजी संस्कृत मागणाऱ्या रमाबाई आता संस्कृतही बाजूला ठेवू पाहत होत्या, कारण मुक्तीतल्या बाईला ते येत नव्हते.

वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्यांनी इब्री आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास आरंभला. मूळ भाषांतून सबंध पवित्र शास्त्र सोप्या मराठीत उतरवायचे असा संकल्प. कान जवळजवळ गेलेले, संस्थेचा हिशेब, आजारी मुली, विहिरी, धान्य, पाहुणे आणि या सर्वांतून काढलेला वेळ. कोश उघडे, शेजारी निरनिराळी भाषांतरे, शब्दाला शब्द ताडून पाहणे. खिळे जुळवणाऱ्या, कागद छापणाऱ्या, प्रुफे आणणाऱ्या मुक्तीच्याच मुली, म्हणजे ज्यांच्यासाठी हे शास्त्र होते त्यांच्याच हातून ते तयार होत होते. अशी सुमारे सतरा-अठरा वर्षे गेली.

हे भाषांतर फार सरस उतरले असे मी म्हणणार नाही. मुळाला धरून राहण्याच्या हट्टापायी वाक्ये ठिकठिकाणी खडबडीत झाली आहेत आणि आपल्या बहुतेक मंडळ्यांत उपासनेसाठी बायबल सोसायटीचेच भाषांतर रूढ झाले. पण वर्गाची तयारी करताना एखादे वचन अडले की मी रमाबाईंची प्रत शेजारी ठेवतो. जेथे नेहमीचे भाषांतर गुळगुळीत सरकते, तेथे हे अडते, आणि अडल्यामुळे मागे वळून पाहावे लागते. शास्त्रवाचनात अडणे ही चांगली गोष्ट आहे असे मला अलीकडे वाटू लागले आहे. रमाबाईंच्या आयुष्यात त्या जेथे जेथे अडल्या, तेथूनच त्या पुढे गेल्या.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. सिलचरपासून बरोबर असलेली ती एकुलती एक मुलगी, संस्थेची पुढची सगळी आशा. रमाबाई खचल्या असतील, नाही कशा खचणार? पण भाषांतराचे काम थांबले नाही. शेवटची प्रुफे राहिली होती. १९२२ च्या मार्चअखेरीस त्यांची प्रकृती फार ढासळली. तेव्हा काम पुरे करण्यासाठी आणखी दहा दिवस मिळावेत म्हणून त्यांनी प्रार्थना करायला सांगितले, असे मुक्तीतील लोक सांगत आले आहेत. तितके दिवस मिळाले. शेवटचे प्रुफ तपासून झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच त्यांचा अंत झाला. चौसष्ट पुरी व्हायला थोडे दिवस उरले होते.

छपाई बाकी होती. मुलींनी ती थांबू दिली नाही. १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून संपूर्ण पवित्र शास्त्र बाहेर पडले.